गुडघे असलेली बाहुली

त्या बाहुलीबद्दल मला चांगलं असं काहीच सांगायचं नाही. लोक अजून विचारतात, "वहिनी, ती तुमच्याकडची जपानी बाहुली कुठे आहे हो?" मी सांगते, लॉफ्टमध्ये आहे, खोक्यात आहे, आणि तिथेच राहू दे. जिच्यापायी माझं दुधाचं पातेलं गेलं, आईची इरकली गेली, गॅरेज गेलं आणि मला डोक्यावर काळी पिशवी घालून लोकांसमोर उभं राहावं लागलं, तिचं कौतुक मी का करावं?

ती केली माझ्या नवऱ्याने. नवऱ्याला मी घरात 'अहो' म्हणते आणि चारचौघांत 'डॉक्टर'. इथेही डॉक्टरच म्हणते. नवरा म्हटलं की उगाच जिव्हाळा असल्यासारखं वाटतं.

डॉक्टर इंग्लंडात लेस्टर शहरातल्या हॉस्पिटलात हाडांचे सर्जन होते. आयुष्यभर लोकांचे खुबे आणि गुडघे बदलले. घरातला बल्ब मात्र कधी बदलला नाही. "तो माझा विषय नाही," असं ते म्हणायचे. घरात त्यांचे विषय तीनच. जेवण, बातम्या आणि माझं ड्रायव्हिंग. मी कौन्सिलच्या नोकरीला रोज माझी छोटी गाडी घेऊन जात होते, पण मोटरवे आला की गाडी त्यांची आणि किल्लीही त्यांच्याकडे. "तुला मोटरवे झेपणार नाही," हे एकदा ठरलं ते ठरलं. मी डावीकडच्या सीटवर बसून नकाशा मांडीवर धरायचा, आणि धरला की तो चुकीचा धरलाय हे ऐकून घ्यायचं.

असा माणूस एकविसावं शतक सुरू झालं न झालं तोच एक दिवस घरी येऊन म्हणाला, "मी रिटायर होतोय." साठीला अजून अवकाश होता. मला वाटत होतं, यांना ऑपरेशन थिएटरमधून उचलूनच आणावं लागेल. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "कंटाळा आला." कंटाळा! जो माणूस सुट्टीत स्पेनला जाऊन समुद्राकाठी लोकांच्या लंगडण्याचं निदान करत बसायचा, त्याला कंटाळा आला होता. मी पुढे काही विचारलं नाही. विचारून त्यांनी कधी सरळ उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

मग काही महिने ते घरात फिरत राहिले. माझे मसाल्याचे डबे उंचीनुसार लावले. बागेतल्या गुलाबांचं असं काही छाटकाम केलं की पुढच्या उन्हाळ्यात एक फूल आलं नाही. शेवटी मीच त्यांच्या हातात इथल्या आर्ट्स सेंटरचं एक पत्रक दिलं. त्यात शनिवारचे वर्ग होते. मला वाटलं पाणरंग घेतील, फार तर कुंभारकाम. त्यांनी घेतली 'पारंपरिक जपानी पद्धतीची बाहुली'.

शिकवणारा इंग्रज होता. काही महिने जपानात राहून आला होता आणि तेवढ्यावर त्याने उरलेलं आयुष्य भागवायचं ठरवलं होतं. निळा जपानी अंगरखा, पायात मोजे आणि मोज्यांवर सपाता. बोलायचा इतकं हळू की सगळ्यांनी पुढे वाकावं. लाकडाला हात लावण्याआधी त्याचा श्वास ऐका, असं तो म्हणे. हे सगळं मला डॉक्टरांनी घरी येऊन सांगितलं, तेही न हसता. स्वतःच्या पेशंटचं दोन वाक्यांच्या वर ऐकून न घेणारा माणूस आता लाकडाचा श्वास ऐकत होता.

ही बाहुली वरून दोऱ्यांनी नाचवायची नसते. चार वर्षांच्या मुलाएवढी ती असते आणि तिला हलवायला तीन माणसं लागतात. मुख्य माणूस डाव्या हाताने आतून तिची मान धरतो आणि उजव्या हाताने तिचा उजवा हात चालवतो. दुसऱ्याने मागच्या दांडीने फक्त डावा हात सांभाळायचा. तिसऱ्याने कंबरेत वाकून पाय. कुणी कुणाशी बोलायचं नाही. मुख्य माणसाचा खांदा किंवा बाहुलीची मान किंचित हलली की तीच खूण, आणि बाकी दोघांनी ओळखून घ्यायचं. मुख्य माणसाचं तोंड उघडं, बाकी दोघांच्या तोंडावर काळी टोपडी. मुख्य माणसाच्या पायात उंच लाकडी खडावा, म्हणजे तो इतरांपेक्षा वर दिसेल. डॉक्टरांना ही कला का आवडली हे मला ऐकल्या ऐकल्या कळलं.

गॅरेजमध्ये काम सुरू झालं आणि गाडी बाहेर थंडीत गेली. जपानातलं लाकूड इथे कुठून मिळणार, म्हणून त्यांनी लाइम नावाच्या इथल्या झाडाचा मऊ ठोकळा आणला. चेहरा कोरला, डोकं मधोमध कापून आतून पोकळ केलं, डोळे फिरवायच्या दोऱ्या बसवल्या आणि पुन्हा चिकटवलं. चेहऱ्याला पांढरा रंग हवा, तर तो डब्यातला चालणार नव्हता. शिंपल्यांची पूड सरसात कालवून, त्याचे पातळ थर एकावर एक द्यायचे, प्रत्येक थर वाळला की घासायचा. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याचा. तो त्यांनी शिजवला माझ्या दुधाच्या पातेल्यात. घरभर असा वास सुटला की पोस्टमननेही पत्रं लांबूनच टाकली. मी पातेलं बिनमध्ये टाकलं तर मलाच म्हणाले, "धुतलं असतं की!"

चेहरा काही केल्या सरळ होत नव्हता. एक भुवई वर, एक खाली. ओठाचा रंग बाहेर गेलेला. डॉक्टर घासून काढत आणि पुन्हा लावत. विचारलं की दोष ब्रशचा होता, नाहीतर सेंट्रल हीटिंगचा, नाहीतर लाकूड ओलं होतं. मी म्हटलं, "पेशंटांनाही हेच सांगत होतात का? गुडघा ओला होता म्हणून?" ते पुन्हा भुवई घासायला लागले. एरवी माझा टोमणा त्यांनी कधी फुकट जाऊ दिला नव्हता.

मग पायांचं प्रकरण झालं. एका शनिवारी ते घरी आले ते तणतणतच. जपानी बाहुली बाईची असेल तर तिला पायच नसतात, असं त्या सपातावाल्याने सांगितलं होतं. किमोनो खालपर्यंत असतो. तिसऱ्या माणसाने काठात मुठी घालून घोळ हलवला की बाई चालल्यासारखी दिसते.

"पाय नाहीत म्हणजे काय?" डॉक्टर म्हणाले. "ॲनॅटॉमिकली नॉन्सेन्स आहे!"

मी म्हटलं, "पाय असले तर निघून जाईल ना ती."

पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. आयुष्यभर ज्याने गुडघे बसवले त्याच्या बाहुलीला गुडघे नसावेत, हे त्यांना झोंबलं होतं. त्यांनी पाय केले. मांडी, पोटरी, घोटा आणि मधे गुडघा. तो गुडघा माझ्या खऱ्या गुडघ्यांपेक्षा बरा वाकायचा. घरी कुणी चहाला आलं की आधी त्याला गॅरेजमध्ये नेऊन गुडघा दाखवायचे. लोकही पाहून माना डोलवायचे. जपानमध्ये शेकडो वर्षं कुणाला सुचलं नाही ते आमच्या गॅरेजमध्ये सुचलं, असा एकंदर आव होता.

आता गुडघे केल्यावर ते दिसायला हवेत. किमोनोत ते दिसणार नाहीत. सहावारीत दिसणार नाहीत. म्हणून नऊवारी. म्हणून एका दुपारी मी कामावरून आले तेव्हा माझ्या आईची हिरवी इरकली डायनिंग टेबलावर पसरलेली होती आणि डॉक्टर ऑपरेशनच्या कात्रीने तिचा तुकडा काढत होते.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते म्हणाले, "तू कुठे नेसतेस ती?" नेसत नव्हतेच. कपाटात होती, आईच्या अंगाचा वास होता तिला, एवढंच. तो वास आता सरसात मिसळला. मी त्या दिवशी जेवायला वाढलं नाही. त्यांनी टोस्ट केला, तोही जाळला. काप मात्र सरळ आला नव्हता. काठाजवळ चांगलाच वाकडातिकडा गेला होता. आईची साडी कापायची तर निदान नीट तरी कापायची, असं मी म्हटलेलं मला आठवतं.

बाहुलीच्या ओठाच्या कोपऱ्यात एक बारीक टाचणी होती, जवळ गेल्याशिवाय दिसायची नाही. ती कशाला, म्हणून मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, जपानी बाहुलीला रडू आलं की ती बाही तोंडात धरते. बाही त्या टाचणीत अडकवायची, म्हणजे तिने दातात धरल्यासारखी दिसते. आपल्याकडे पदर.

"म्हणजे तिकडेही बाईने रडायचं ते तोंड दाबूनच," मी म्हटलं. "पण आपली बाई कुठे रडणार आहे?"

"टाचणी असावी लागते. परंपरा आहे."

पाय लावताना परंपरा आठवली नव्हती. टाचणीला बरोबर आठवली.

आमचा खेळ अगदी साधा होता. एक बाई आरशापुढे बसते, कुंकू लावते, बाहेर पाऊल वाजतं, ती लाजते, उठते आणि चार पावलं चालत दाराशी जाते. ती चार पावलं गुडघ्यांसाठी. लंडनजवळच्या पिनरकडच्या एका मराठी मंडळाने हा खेळ दिवाळीच्या कार्यक्रमात ठेवायचं कबूल केलं, मग त्यांच्या अध्यक्षांना काळे कपडे आठवले. फोनवर मला म्हणाले, "वहिनी, ॲक्च्युअली प्रॉब्लेम असा आहे, दिवाळीला स्टेजवर ब्लॅक? आमच्या कमिटी मेंबर्सना ते अजिबात चालणार नाही. सिनियर लेडीज ऑब्जेक्शन घेतील."

वर्षभर काळे कोट घालून ऑफिसला जाणाऱ्यांना दिवाळीचा काळा रंग बाधणार होता. मी वैतागून म्हटलं, "मग संक्रांतीला ठेवा. तेव्हा तुमच्या सगळ्या सिनियर लेडीज काळंच नेसून येतात ना?"

"ओ वहिनी, ब्रिलियंट!" अध्यक्ष म्हणाले. असा मी माझ्याच तोंडाने माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. कारण तोवर डावा हात माझ्याकडे आला होता.

आधी दोघीजणी येऊन गेल्या होत्या, दोघीही हॉस्पिटलातल्या इतर डॉक्टरांच्या बायका. एकीला डॉक्टरांनी "तुम्हाला हात कुठला ते तरी कळतं का?" असं विचारलं, ती पुन्हा आली नाही. दुसरी रडून गेली. पायांना मात्र पहिल्यापासून एकच माणूस होता, त्यांचा जुना रजिस्ट्रार, म्हणजे हाताखाली शिकलेला सर्जन. मूळचा नागपूरचा, आता स्वतः कन्सल्टंट, डोक्याला टक्कल पडलेलं, तरी अजून "येस सर, बरोबर सर." थिएटरमध्ये इतकी वर्षं त्यांच्यापुढे वाकला होता की बाहुलीचे पाय धरायला त्याला वेगळं शिकावं लागलं नाही. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. सुट्टीच्या दिवशी बायकापोरं टाकून हा माणूस आमच्या गॅरेजमध्ये गारठ्यात ओणवा का राहतो, हे मला समजत नव्हतं.

डावा हात मला पहिल्याच दिवशी जमला. त्या सपातावाल्याच्या म्हणण्याप्रमाणे यायला दहा वर्षं लागतात. मला लागली नाहीत, कारण माझी तालीम लग्न झालं तेव्हापासून चालली होती. डॉक्टरांचा खांदा कसा हलला की चहा हवा असतो, कसा हलला की पाहुणे नको झालेले असतात, कसा हलला की आता ओरडणार, हे मला पाठीमागूनसुद्धा कळतं. बाहुलीची मान कलली की माझा हात आपोआप उठायचा. रजिस्ट्रार म्हणाला, "मॅडम, तुम्ही नॅचरल आहात." मला इतका संताप आला की मी दांडी ठेवून घरात निघून आले. काय शिकले होते मी इतक्या वर्षांत, तर हे!

तालमीत कधी कधी बाहुलीचं डोकं थरथरायचं. कुंकू लावताना जास्त. डॉक्टर लगेच थांबायचे, "दोरी सैल झालीय," म्हणायचे आणि दोरी घट्ट करत बसायचे. रजिस्ट्रार खाली बघत राहायचा. मी म्हणायचे, "एवढी महिनोन्महिने केलीत, एक दोरी नीट बांधता येईना?"

संक्रांतीच्या कार्यक्रमाला आम्ही दुपारी एका शाळेच्या हॉलवर पोचलो. रजिस्ट्रार त्याच्या गाडीने आला होता. आमची गाडी डॉक्टरांनी चालवली, सगळा मोटरवे डावीकडच्या हळू लेनमधून, लॉऱ्यांच्या मागून. हॉलमध्ये हळदीकुंकू चाललं होतं. चंद्रकळा नेसलेल्या बायका प्लास्टिकच्या डब्या वाण म्हणून एकमेकींना देत होत्या. तिळगूळ लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानातला होता, मीच आणलेला, आणि "घरी केलाय ना?" असं मला तीनदा विचारलं गेलं. अध्यक्षांनी भाषणात 'आपली संस्कृती' इतक्या वेळा म्हटलं की मुलं खुर्च्यांखाली शिरली. मग कोकरासारख्या आवाजात कुणीतरी भावगीत म्हटलं. मग आम्ही.

बुकशेल्फच्या फळ्यांपासून केलेल्या उंच खडावांवर डॉक्टर चढले. मी आणि रजिस्ट्रारने टोपडी ओढून घेतली. काळ्या कापडातून मला बाहुलीची पाठ, डॉक्टरांचा खांदा आणि आरशाच्या चौकटीपलीकडे पहिल्या रांगेतला व्हिडिओ कॅमेरा एवढंच दिसत होतं.

ती आरशापुढे बसली. मान वळवली. लोक हसले, कारण ती खरंच बरी वळली. तिचा उजवा हात कुंकवाच्या करंड्याकडे गेला, बोट कपाळाकडे उठलं आणि तिथे थरथरायला लागलं. डोकंही. मी वाट पाहिली की डॉक्टर थांबवतील. इथे थांबवता येत नव्हतं. मी त्यांच्या अगदी जवळ उभी होते. दोऱ्या ताठ होत्या. मानेचा दांडा ताठ होता. थरथरत होती ती डॉक्टरांची दोन्ही मनगटं, आणि ती थांबावीत म्हणून त्यांनी दात इतके आवळले होते की जबड्याची शीर वर आली होती.

त्यांचा खांदा हलला नाही. मला काही खूण नव्हती. मला असा राग आला की काय सांगू. ब्रश, हीटिंग, ओलं लाकूड, वाकडी कात्री, कंटाळा. सगळं एकदम समजलं. आणि समोर शंभरेक माणसं या माणसाचा हात बघत बसली होती.

मी डावा हात उचलला. आईच्या इरकलीचा पदर त्या लाकडी बोटांत धरला, वर नेला आणि ओठाच्या कोपऱ्यातल्या टाचणीत अडकवला.

आता लोकांना वेगळंच दिसत होतं. कुंकू लावता लावता एक बाई पदर तोंडात धरून रडत होती. जितकं डोकं थरथरत होतं तितकी ती जास्त रडत होती. पाऊल वाजलंच नाही, कारण ते वाजवायचं होतं रजिस्ट्रारने, आणि त्याला काय करावं कळलं असावं. तो बाहुलीचे पाय जवळ घेऊन गुडघे मिटून बसला. चार पावलं चाललोच नाही. गुडघे कुणी पाहिलेच नाहीत.

टाळ्या खूप वेळ चालल्या. नंतर चहाच्या टेबलापाशी एक आजी डोळे पुसत डॉक्टरांना म्हणाल्या, "रडवलंत हो डॉक्टर! ते थरथरणं कसं काय जमवलंत?"

"प्रॅक्टिस," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चहाचा कप घेतला नव्हता. मला कुणी काही विचारलं नाही. टोपड्याच्या आत मी होते हेच पुष्कळांना माहीत नव्हतं.

बाहेर पार्किंगमध्ये उजेड संपत आला होता. बाहुलीचं खोकं आम्ही डिकीत ठेवलं. रजिस्ट्रारने नेहमीसारखं "येतो सर" म्हटलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेला.

"पदर कुणी उचलायला सांगितला होता?" डॉक्टर म्हणाले. "मी खूण दिली नव्हती."

"नव्हती दिली."

"मग?"

"मग काय? तशीच थरथरत बसवायची होती तिला सगळ्यांसमोर?"

त्यांनी डिकीचं झाकण लावलं. मी विचारलं, "कधीपासून?"

"थिएटरमध्ये. एक गुडघा चालू होता. अर्ध्यातच त्याच्या हातात दिला आणि बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी रिटायरमेंटचे कागद देऊन टाकले." त्याच्या म्हणजे रजिस्ट्रारच्या. "तो कुणाला बोलला नाही."

"आणि मला दोरी सैल आहे म्हणून सांगत होतात."

"वाटलं, बारीक काम करत राहिलो तर जाईल."

एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, आणि असं काहीतरी वाटून घेऊन गॅरेजमध्ये बसला होता. मला त्यांना चांगलं बोलून घ्यायचं होतं. शब्दसुद्धा तयार होते, वर्षानुवर्षं साठवलेले. पण तेवढ्यात त्यांनी खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या, आणि त्या त्यांच्या हातात वाजत होत्या. त्यांनी मूठ वळून पाहिली. तरी वाजत होत्या. मग त्यांनी त्या माझ्यापुढे धरल्या.

"मोटरवे आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि गाडीला वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

मी आत बसले. माझे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. ती सीट इतकी वर्षं त्यांच्या मापाची होती, ती पुढे ओढायलाही मला दोनदा जोर लावावा लागला. आरसा फिरवून घेतला. शेजारी त्यांना बेल्टचं टोक खाचेत घालता येत नव्हतं, म्हणून ते मी घातलं, आणि गाडी बाहेर काढली.